विंडसर प्रार्थनामंदिर चित्रयोजना

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज (कार. १७६०–१८२०) याने विंडसर राजवाड्यात बांधावयाच्या खाजगी प्रार्थनामंदिरासाठी बेंजामिन वेस्ट (१० ऑक्टोबर १७३८–११ मार्च १८२०) या चित्रकाराकडून करवून घेतलेली बायबलमधील प्रसंगांची चित्रमालिका. ‘प्रकटित धर्माचे प्रार्थनामंदिर’ या नावाने ही योजना कलेतिहासात ओळखली जाते. सु. १७८० ते १८०१ अशी वीसएक वर्षे वेस्ट या कामात गुंतलेला होता. रेखाटने, रंगीत कच्चे आराखडे व पूर्णाकृती चित्रफलक असे विपुल साहित्य त्याने सिद्ध केले. परंतु नियोजित प्रार्थनामंदिर उभे राहिलेच नाही. पुढे हे चित्रफलक लिलावात निरनिराळ्या हाती गेले. आज ते एकेकटे पाहावयास मिळतात व त्यामुळे त्यांचे मूल्यमापनही बहुधा एकेकट्या चित्रांचे म्हणून केले जाते. वस्तुतः या चित्रांचा अर्थ त्यांच्या क्रमात व परस्परसंबंधांत साठविलेला होता. त्यामुळे या योजनेच्या अभ्यासात पूर्ण झालेल्या चित्रांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, महत्त्व आराखड्यांना व विषयांच्या याद्यांना आहे.

वेस्टचा जन्म अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया वसाहतीत, स्प्रिंगफील्ड येथे झाला. १७६० मध्ये तो इटलीस गेला व तेथील अध्ययनानंतर १७६३ मध्ये लंडनला येऊन स्थायिक झाला. यॉर्कच्या आर्चबिशपसाठी त्याने रंगविलेले जर्मेनिकसच्या अस्थी घेऊन उतरणाऱ्या ॲग्रिपिनाचे चित्र (१७६८) राजाच्या पाहण्यात आले आणि तेव्हापासून त्यास राजाश्रय लाभला. रॉयल ॲकॅडेमीच्या संस्थापक सदस्यांपैकी (१७६८) तो एक होता. १७७२ मध्ये राजाचा ऐतिहासिक चित्रकार म्हणून त्याची नियुक्ती झाली आणि जॉशुआ रेनल्ड्झच्या निधनानंतर १७९२ मध्ये तो ॲकॅडेमीचा अध्यक्ष झाला. जनरल वुल्फच्या मृत्यूचे त्याचे चित्र (१७७०) सुविख्यात आहे. भारतीय वाचकास तो दुसऱ्याही एका चित्रामुळे परिचित असण्याचा संभव आहे : बादशहा शाह आलम क्लाइव्हच्या हाती बंगालच्या दिवाणीची सनद देत असल्याचे जे चित्र इतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार छापले जाते, ते वेस्टचेच.

प्रॉटेस्टंट राजाच्या प्रार्थनामंदिरात चित्रे लावावी की नाहीत, हाच मुळात वादाचा प्रश्न होता. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात इंग्लंडमधील चर्चमधून मूर्ती व चित्रे मोठ्या प्रमाणावर काढून टाकण्यात आली. जुन्या भित्तिचित्रांवर चुना फासण्यात आला. देवाची प्रतिमा करू नये, या मोशेस मिळालेल्या आज्ञेचा आधार त्यास होता. अठराव्या शतकात विरोधाची धार कमी झाली असली, तरी चर्चमधील चित्र म्हणजे रोमन कॅथलिक पंथाचा शिरकाव, ही धास्ती कायम होती. १७७३ मध्ये ॲकॅडेमीच्या चित्रकारांनी लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल स्वतःच्या खर्चाने सजविण्याची तयारी दर्शविली होती. रेनल्ड्झने ख्रिस्तजन्माचे व वेस्टने मोशेच्या नियमशास्त्रग्रहणाचे चित्र द्यावे, असे ठरले होते. लंडनचा बिशप रिचर्ड टेरिक याने कॅथलिक पंथाच्या भयाचे कारण देऊन ती योजना फेटाळली. १७७८ मध्ये कॅथलिकांवरील काही निर्बंध सैल करणारा कायदा संमत झाला आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून जून १७८० मध्ये लंडनमध्ये गॉर्डन दंगली उसळल्या. विंडसरची योजना आकार घेत होती ती नेमक्या याच सुमारास.

अशा परिस्थितीत राजाने धर्मपंडितांची संमती घेतल्याशिवाय पाऊल उचलले नाही. वेस्टचा चरित्रकार जॉन गॉल्ट याने दिलेल्या वृत्तांतानुसार राजाने काही बिशपांना व अन्य धर्माधिकाऱ्यांना पाचारण करून दोन गोष्टी विचारल्या : प्रार्थनामंदिरात चित्रे लावण्याने चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमांचा भंग होतो काय, आणि होत नसल्यास कोणते विषय सर्व ख्रिस्ती पंथांना निर्वेधपणे पाहता येतील. या धर्मपंडितांत रिचर्ड हर्ड हा प्रमुख होता. बायबलमधील भविष्यकथनांवरील त्याची व्याख्याने १७७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. जुन्या करारातील वचने नव्या करारात कशी फलद्रूप होतात, हा त्याच्या चिंतनाचा विषय होता व वेस्टच्या विषययादीचा गाभाही तोच आहे. धर्माधिकाऱ्यांनी अनुकूल मत दिले आणि वेस्टने तयार केलेली यादी मान्य झाली. गॉल्टच्या चरित्राचा दुसरा भाग वेस्टच्या मृत्यूच्याच वर्षी, म्हणजे १८२० मध्ये, निघाला. त्यातील मजकूर बराचसा खुद्द वेस्टच्या सांगण्यावर आधारलेला असल्याने तो थोडा सावधपणे वाचावा लागतो. तथापि बिशपांच्या संमतीवाचून असे काम सुरू होणे त्या काळात अशक्यप्राय होते, यात शंका नाही. यातील एक विसंगती मोठी सूचक आहे. वेस्टची पार्श्वभूमी क्वेकर पंथाची. त्या पंथाच्या सभागृहांत चित्र तर नाहीच, वेदीही नसते. अशा वातावरणात वाढलेल्या चित्रकाराकडेच अठराव्या शतकातील इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या धार्मिक चित्रयोजनेची सूत्रे आली.

‘प्रकटित धर्म’ ही संज्ञाही त्या काळाच्या वैचारिक वादातून आलेली आहे. केवळ बुद्धीच्या व निसर्गनिरीक्षणाच्या बळावर ईश्वराचे ज्ञान होऊ शकते, त्यासाठी धर्मग्रंथ, भविष्यकथने वा चमत्कार यांची आवश्यकता नाही, असे प्रतिपादणारा विचारप्रवाह अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये प्रबळ होता. त्याला ‘नैसर्गिक धर्म’ म्हणत. उलट, ईश्वर इतिहासात स्वतःला टप्प्याटप्प्याने प्रकट करीत आला आहे व बायबल हा त्या प्रकटनाचा लेखी पुरावा आहे, अशी चर्चची भूमिका होती. तिसरा जॉर्ज हा श्रद्धाळू व कर्मठ वृत्तीचा राजा होता. त्याच्या प्रार्थनामंदिराच्या भिंती म्हणजे या दुसऱ्या भूमिकेचे चित्रमय प्रतिपादन व्हावयाचे होते. संतांच्या प्रतिमा किंवा पूजेचा विषय होऊ शकेल अशी एकेकटी मूर्ती त्यात नसणे, हे त्यामुळे अर्थपूर्ण ठरते. पाहणाऱ्याने चित्रापुढे गुडघे टेकू नयेत, तर एका चित्रावरून दुसऱ्याकडे जात युक्तिवाद वाचावा, अशी अपेक्षा होती. प्रॉटेस्टंट मनाला चित्र स्वीकारार्ह करण्याचा हाच एक मार्ग होता.

गॉल्टच्या म्हणण्याप्रमाणे एकूण ३६ विषय निश्चित झाले होते. त्यांपैकी निम्मे जुन्या करारातील व निम्मे नव्या करारातील होते. विषयांची मांडणी ईश्वरी व्यवस्थेच्या कालखंडांनुसार केलेली होती. आदाम-हव्वा यांच्या पतनापासून जलप्रलयापर्यंतचा पहिला कालखंड. त्यानंतर अब्राहाम, इसहाक, याकोब या कुलपतींचा. मग मोशेचा व नियमशास्त्राचा. त्यापुढे यशया, यिर्मया आदी संदेष्ट्यांचा. आणि अखेरीस ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाचा व योहानाच्या ‘प्रकटीकरणा’तील अंतकाळाचा. ही विभागणी वेस्टच्या निरनिराळ्या याद्यांत थोडीफार बदलते, पण क्रमाची दिशा बदलत नाही. मराठी वाचकास येथे फादर टॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचे (१६१६) स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यातही ‘पैले पुराण’ जुन्या कराराची व ‘दुसरे पुराण’ नव्या कराराची कथा सांगते आणि पहिल्याचे प्रयोजन दुसऱ्यात उलगडते. स्टीफन्स जेझुइट होता व वेस्टचे आश्रयदाते अँग्लिकन. परंतु दोन करारांना पूर्वसूचन व पूर्ती या नात्याने बांधण्याची रीत दोघांच्याही आधीपासून चालत आलेली, ख्रिस्ती धर्मविचारातील अत्यंत जुनी रीत आहे.

या रीतीनुसार अब्राहाम आपल्या पुत्राला बळी देण्यास निघतो, त्यात ईश्वराने आपला पुत्र क्रूसावर देण्याची सूचना मानली जाते. रानात सर्पदंश झालेले इस्राएली लोक मोशेने उभारलेल्या पितळी सर्पाकडे पाहून वाचतात. हा प्रसंग क्रूसावरील ख्रिस्ताचे पूर्वरूप होय, असे योहानकृत शुभवर्तमानातच सांगितले आहे. जलप्रलय किंवा यार्देन नदी ओलांडणे यांत बाप्तिस्म्याचे, तर सिनाय पर्वतावरील नियमदानात पवित्र आत्म्याच्या अवतरणाचे पूर्वचिन्ह पाहिले जाते. वेस्टने निवडलेल्या विषयांत हे बहुतेक सर्व प्रसंग आहेत. एरवी बायबलमधील कित्येक नाट्यपूर्ण व चित्रकारांच्या आवडीच्या कथा, उदा., सॅमसन व डलायला, या मालिकेला अनावश्यक होत्या. प्रसंग चित्रानुकूल आहे की नाही, यापेक्षा तो या साखळीची कडी होऊ शकतो की नाही, हाच निवडीचा निकष होता.

नियोजित प्रार्थनामंदिराची जागा विंडसर राजवाड्यातील हॉर्न कोर्ट नावाच्या उघड्या चौकात होती. वास्तुयोजनेचे काम सर विल्यम चेंबर्झ या राजवास्तुशिल्पज्ञाकडे होते. वास्तूची लांबी ९० फूट व रुंदी ५० फूट धरण्यात आली होती. चित्रे ओल्या गिलाव्यावर न रंगविता तैलरंगांत कापडी फलकांवर रंगवून ती भिंतीच्या चौकटींत बसवावयाची होती. इंग्लंडच्या दमट हवेत भित्तिलेपचित्रे टिकत नाहीत, हे अनुभवाने ठाऊक झालेले होते. शिवाय फलक असल्यामुळे वास्तू पूर्ण होण्याची वाट न पाहता चित्रकाराला आपल्या कार्यशाळेत काम करता येत होते. पुढे वास्तू रद्द झाली तरी चित्रे उरली आणि ती विकताही आली, हे याच सोयीचे फळ!

वेस्टची कार्यपद्धती साधारणपणे अशी होती : प्रथम लेखणी व शाई यांनी केलेले लहान रेखाटन, मग तैलरंगांतील छोटा आराखडा, ज्यात छायाप्रकाश व रंगांचे पुंज निश्चित होत, आणि राजाची मान्यता मिळाल्यावर पूर्णाकृती फलक. फलकांची मापे एकसारखी नव्हती. मोशेच्या नियमशास्त्रग्रहणाचा फलक सु. १८ फूट उंच व १२ फूट रुंद आहे. काही उभे फलक १२ फुटांच्या आसपास आहेत, तर एदेन बागेतून हकालपट्टीसारखे आडवे फलक जेमतेम ६ × ९ फूट आहेत. ही विषमता लहरीपणाची नव्हे. भिंतीवरील मोठ्या प्रमुख चित्रांच्या बाजूस लहान चित्रे यावयाची होती आणि प्रत्येक चित्राचे माप त्याच्या स्थानावरून ठरलेले होते. चित्रदालनात डोळ्यांच्या पातळीवर टांगलेल्या या मोठ्या फलकांतील आकृती अवाजवी भव्य व हावभाव अतिरेकी वाटतात, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. वेस्टच्या रेखांकनात एक प्रकारचा ताठपणा आहेच. पण लांबून व खालून पाहावयाच्या चित्रात हावभाव मोठे ठेवावे लागतात, ही गोष्ट हा आक्षेप घेताना विसरली जाते.

मोशेचे चित्र १७८४ मध्ये ॲकॅडेमीच्या प्रदर्शनात मांडण्यात आले. ज्या पाट्यांवरील आज्ञेचा आधार घेऊन दोन शतके चर्चमधील चित्रे नष्ट करण्यात आली, त्याच पाट्या या भव्य चित्रात मोशेने हाती धरलेल्या आहेत. आकृतींच्या रचनेवर राफाएलचा प्रभाव जाणवतो. सिस्टाइन चॅपेलच्या चित्रजवनिकांसाठी राफाएलने १५१५ च्या सुमारास केलेली सात मोठी चित्रे इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात होती. ती १७६३ पासून बकिंगहॅम हाउसमध्ये आणि १७८७ च्या सुमारास तेथून हलविल्यावर १८०४ पर्यंत विंडसरमध्येच होती. म्हणजे वेस्ट आपले प्रेषित रंगवीत असताना राफाएलचे प्रेषित त्याच राजवाड्यात होते. एका पोपच्या प्रार्थनामंदिरासाठी केलेली ही चित्रे प्रॉटेस्टंट राजाच्या चित्रकाराचा आदर्श व्हावीत, याचे त्या काळी कोणास वैषम्य वाटल्याचे दिसत नाही.

हकालपट्टीच्या चित्रात (१७९१) मात्र निराळी वृत्ती दिसते. कातड्याची वस्त्रे नेसलेले आदाम-हव्वा, त्यांना बाहेर घालविणारा देवदूत मायकेल, पायांजवळून सरपटत जाणारा सर्प व माथ्यावरून धारदार पात्यासारखा येणारा प्रकाशझोत असा हा देखावा आहे. पार्श्वभागी गरुड एका पक्ष्यावर झेपावत आहे आणि सिंह घोड्यांचा पाठलाग करीत आहेत. बायबलच्या मूळ कथेत नसलेला हा तपशील मिल्टनच्या पॅरडाइस लॉस्ट या महाकाव्यावरून सुचलेला असून, मानवाच्या पतनाबरोबर सृष्टीतील सलोखाही संपला, असे त्यातून सूचित होते. आदाम-हव्वेच्या चेहऱ्यांपेक्षा हे दूरचे प्राणीच अधिक परिणाम करतात. ‘प्रकटीकरणा’वरील विषयांत ही वृत्ती आणखी बळावली. फिकट घोड्यावरून येणाऱ्या मृत्यूचे पहिले रेखाटन १७८३ मधील आहे. त्याच विषयाचा १७९६ मधील रंगीत आराखडा १८०२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडला गेला. एडमंड बर्कने आपल्या ग्रंथात (१७५७) ज्या भयजनक उदात्ततेचे विवेचन केले होते, तिचे हे चित्ररूप होय. पुढच्या पिढीच्या स्वच्छंदतावादी चित्रकलेची चाहूल येथे लागते. आणि ज्या शिस्तबद्ध प्रतिपादनासाठी मालिका योजिली होती, त्याला हे वादळी रूप कितपत मानवले असते, असा प्रश्नही पडतो.

१७९६ मध्ये चेंबर्झचे निधन झाले व त्याच्या जागी जेम्स वायट हा वास्तुशिल्पज्ञ आला. त्याचा ओढा गॉथिक शैलीकडे होता व विंडसरच्या जुन्या योजनेविषयी त्याला आस्था असण्याचे कारण नव्हते. ऑगस्ट १८०१ मध्ये, पुढील आज्ञा होईपर्यंत प्रार्थनामंदिराच्या चित्रांचे काम थांबवावे, असा राजाचा निरोप वायटमार्फत वेस्टला मिळाला. सप्टेंबरमध्ये वेस्टने राजाला सविस्तर पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. राजाचे ढासळते मनःस्वास्थ्य, युद्धकाळातील खर्च, दरबारातील वेस्टचे विरोधक व फ्रेंच राज्यक्रांतीविषयी त्याला सहानुभूती असल्याचा संशय अशी निरनिराळी कारणे अभ्यासकांनी पुढे केली आहेत. कोणतेही एक कारण पुरेसे नाही, पण राजाचे आजारपण निर्णायक ठरले असावे. १८११ मध्ये राजपुत्राकडे राज्यकारभार गेल्यावर वेस्टला मिळणारे १,००० पौंडांचे वार्षिक मानधनही बंद झाले. या मालिकेतील २८ चित्रे पूर्ण झाली व त्यांपोटी वेस्टला २१,७०५ पौंड मिळाले, असे गॉल्ट सांगतो. आधुनिक अभ्यासक पूर्ण झालेल्या मोठ्या फलकांची संख्या याहून बरीच कमी, अठराच्या आसपास, मानतात.

वृद्ध वेस्टने यानंतर बायबलचे विषय सोडले नाहीत, आश्रयदाता मात्र बदलला. रोग्यांना बरे करणाऱ्या ख्रिस्ताचे त्याचे चित्र १८११ मध्ये ब्रिटिश इन्स्टिट्यूशनने ३,००० गिनींना घेतले आणि ते पाहण्यास तिकीट काढून लोकांची रीघ लागली. फिकट घोड्यावरील मृत्यूचा १८१७ मधील सु. २५ फूट रुंदीचा अवाढव्य फलक असाच सार्वजनिक प्रदर्शनासाठी रंगविलेला आहे. राजाच्या खाजगी उपासनेसाठी योजिलेली प्रतिमा अशा रीतीने शहरातील तमाशबीन गर्दीसमोर आली. या यशामुळे वेस्टची उतारवयातील कीर्ती टिकली. परंतु अशा प्रदर्शनात प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण असावे लागे, मालिकेला तेथे वाव नव्हता.

वेस्टच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी त्याचा चित्रसंग्रह १८२६ मध्ये अमेरिकेच्या शासनास विकत देऊ केला. तो स्वीकारला गेला नाही. १८२८ मध्ये चौथ्या जॉर्जने विंडसरसाठीची चित्रे वेस्टच्या मुलांना परत केली व मे १८२९ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज रॉबिन्झ या लिलावदाराने त्यांचा लिलाव केला. जोसेफ नील्ड या धनिकाने त्यांतील अनेक फलक विल्टशरमधील आपल्या ग्रिटल्टन हाउससाठी घेतले. हॉर्न कोर्टवर दरम्यान छप्पर घालण्यात आले व तेथे वॉटर्लू दालन तयार झाले. नेपोलियनचा पाडाव करणाऱ्या राजांची, सेनानींची व मुत्सद्द्यांची टॉमस लॉरेन्सने रंगविलेली व्यक्तिचित्रे त्यात लावलेली आहेत. ॲकॅडेमीच्या अध्यक्षपदीही वेस्टनंतर लॉरेन्सच आला होता. विंडसरमधील सेंट जॉर्ज चॅपेल हे या नियोजित प्रार्थनामंदिराहून सर्वस्वी भिन्न आहे. तेथील पूर्वेकडील गवाक्षासाठी वेस्टने ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा आराखडा दिला होता; त्यावरून केलेली रंगीत काच १८६३ मध्ये बदलण्यात आली.

मोशेचा फलक लंडनच्या वेस्टमिन्स्टर राजवाड्यात असून हकालपट्टीचे चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. साउथ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथील बॉब जोन्स विद्यापीठाने १९६३ मध्ये यांतील सात मोठे फलक मिळविले. पितळी सर्पाचे चित्र त्यांपैकीच होय. विद्यापीठाच्या स्मारक-प्रार्थनामंदिरात ते अनेक वर्षे लावलेले होते. फिकट घोड्याचा १७९६ मधील आराखडा डिट्रॉइटच्या संग्रहालयात, तर १८१७ मधील फलक फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया ॲकॅडेमी ऑफ द फाइन आर्ट्समध्ये आहे. नियोजित प्रार्थनामंदिराच्या एका भिंतीवरील चित्रचौकटींची मांडणी दाखविणारे रेखाटन पेनसिल्व्हेनियातील स्वॉर्थमोर महाविद्यालयाच्या क्वेकर ग्रंथसंग्रहात जतन केलेले असून, मालिकेतील चित्रांची मूळ स्थाने ठरविताना अभ्यासकांना त्याचा आणि वेस्टच्या विषययाद्यांचा आधार घ्यावा लागतो.